उतरवलेलं तेल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीसमोरचा रस्ता खोदला गेला आणि मालतीबाईची भज्यांची गाडी भिंतीला टेकून उभी राहिली. गटाराचे पाइप टाकायचे होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आठ दिवस. तीन आठवडे झाले तरी खड्डा तसाच होता, आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून भजी खाणारं गिऱ्हाईक सुरतेत अजून जन्माला यायचं होतं. तिनं चार दिवस मागच्या गल्लीत गाडी लावून पाहिली. तिथल्या आधीच्या दोघांनी भांडण काढलं. मग गाडी घरापुढे आली आणि सून हर्षदा तिच्यावर कपडे वाळत घालायला लागली. ते पाहून मालतीबाई तोंड फिरवायची, पण कपडे कुठेतरी वाळायलाच हवे होते.

मुलगा योगराज एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर जायचा. त्याचं काम पंधरा दिवस असे, पंधरा दिवस नसे. नवरा लोटू दोन वर्षांपासून घरीच होता. तो घरी का, हे सांगायलाच हवं, कारण तो स्वतः कुणी न विचारताही सांगायचा.

लोटू पाटील बावीस वर्षं पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये शेड जुळवायचा. व्यापारी साडीचा तुकडा आणून टाकायचा, म्हणायचा असाच रंग पाहिजे. लोटू तो तुकडा उत्तरेच्या खिडकीपाशी धरायचा, डोळे बारीक करायचा आणि सांगायचा, राणी रंगात थोडा निळा घाला, फिरोजी कमी करा. दहापैकी नऊ वेळा पहिल्याच घाण्यात रंग जुळायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मग मालकानं एक यंत्र आणलं. तुकडा त्याच्याखाली ठेवला की तीन सेकंदांत पडद्यावर सगळी मापं. लोटूला कुणी जा म्हणालं नाही. नुसतं त्याच्याकडे कुणी तुकडा घेऊन येईनासं झालं. महिनाभर तो खिडकीपाशी बसून राहिला, आणि एक दिवस स्वतःच डबा उचलून घरी आला. तेव्हापासून यंत्र म्हटलं की त्याचं डोकं तापायचं. घरातल्या मिक्सरशीसुद्धा तो नीट बोलायचा नाही.

त्याच्याच जुन्या ओळखीचा जयंतीभाई आता पांडेसऱ्यातल्याच दुसऱ्या एका मिलचं कँटीन बघत होता. तिथला आधीचा आचारी एकच तेल महिनामहिना तापवायचा. कारागिरांच्या छातीत जळजळ, पोटात मुरडा. तक्रार वर गेली, आचारी गेला. जयंतीभाईनं लोटूला निरोप धाडला, तुझी बायको भजी तळते ना, घेऊन ये.

तो बोलला मात्र सगळं लोटूशीच. मालतीबाई शेजारी पदर सावरून उभी होती.

"आठ दिन करके दिखाओ, लोटूभाई. तेल अमारुं, हात तमारा. लॅबवाली बेन कोई पण दिवस आवशे, कढाईमां मीटर नाखशे. तेल जैसे जैसे जळता है, आंकडो चढे छे. पच्चीस के ऊपर गया, तो दूसरे दिन आना नहीं."

"म्हंजे रोज नवं तेल घालावं?" लोटूनं विचारलं.

"ना ना! ते पण नहीं चालशे. उतारा हुआ तेल डबे में रखना, चिठ्ठी लगाके. वो भी तपासेगी. खराब होण्याआधी फेकलं तो मैं मर गया. टाइम पे उतारना, यही तो काम है. जेने आ खबर होय, एने काम."

म्हणजे भजी चविष्ट होणं हा भाग त्यानं धरूनच घेतला होता. कढई नेमकी कधी उतरवायची हे ज्याला कळतं, त्याला वर्षभराचं काम. दोन पाळ्या, चारशे माणसं, डोक्यावर छप्पर. खड्डा नाही, भांडण नाही. मालतीबाईनं मनात ठरवलं, हे काम आपलं. तिला आजवर तेल ओळखता आलं नाही असं झालंच नव्हतं.

पहिल्या दिवशी पहाटे लोटू, हर्षदा आणि ती, अशी तिघं निघाली. कोसाड ते पांडेसरा म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, दोन बस बदलायच्या. मिलच्या फाटकावर वॉचमननं लोटूला सलाम ठोकला, तो त्याला जुन्या दिवसांपासून ओळखत होता. मालतीबाईची पिशवी मात्र त्यानं उघडायला लावली. आतला भाकरीचा डबा उघडून नाक लावलं. चोरायचं तर बाहेर जाताना चोरतील, आत येताना काय बघतो हा, असं तिच्या ओठावर आलं होतं. जाताना त्यानं पुन्हा उघडायला लावली. रोज दोनदा हे चाललं.

कँटीनचं स्वयंपाकघर लांबट होतं. पत्र्याचं छत, एका अंगाला गॅसची मोठी भट्टी, वर दोन हात रुंद लोखंडी कढई. शेजारच्या शेडमधून वाफेचा आणि रंगाच्या रसायनाचा वास. मे महिन्यातली सुरतेची हवा अंगावर ओल्या गोधडीसारखी बसलेली. मालतीबाईनं पदर खोचला, कढई राखेनं घासली, पंधरा किलोचा डबा फोडला आणि तेल ओतलं. हर्षदा पीठ भिजवायला बसली. लोटूनं हात धुतले, खिशातून पांढऱ्या पॉलिस्टरच्या पट्ट्या काढल्या आणि एक पट्टी तेलात बुडवून खिडकीच्या तारेला लटकवली.

"हाई काय?" मालतीबाई म्हणाली.

"शेड. पयल्या दिवसनी. रोज एक पट्टी टांगसू. रंग कव्हय बदलना ते समोर दिखी."

"तेल शे ते. साडी नही."

"तू माले रंग शिकाडू नको वं. बावीस वरीस रंगच दखा मी."

त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. रंगाच्या टाकीतलं पाणी गढूळ झालं की घाणा बिघडतो, तसंच तेल. उजळ आहे तोवर चांगलं, काळवंडलं की संपलं. इतकं सरळ होतं ते त्याला. जयंतीभाई दुपारी आला, त्यानं तारेवरची पट्टी पाहिली आणि खूश झाला. "वाह! मास्टर!" म्हणाला. दोन वर्षांनी कुणीतरी लोटूला त्या नावानं हाक मारली होती. तो त्या दिवशी उगाचच दोनदा पट्टी सरळ करून आला.

मालतीबाईची रीत वेगळी होती, आणि तिला स्वतःलाही ती रीत वाटत नसे. झारा वर काढला की तेल टपटप सुटतं की लोंबतं, हे तिचा हात बघायचा. भजं पडल्यावर बुडबुडे मोठे येऊन फुटतात की बारीक पांढरा फेस होऊन कडेला चढतो, हे कान ऐकायचा. थंड झालेल्या झाऱ्यावरचा थेंब ती अंगठा आणि बोटात चोळायची. चांगलं तेल निसटतं. संपलेलं तेल बोटांना धरून बसतं. तिच्या आईनं तिला शिकवलं नव्हतं, कुणीच शिकवलं नव्हतं. पंधरा वर्षं गाडीवर उभं राहून ते अंगात आलं होतं.

पहिले तीन दिवस मिरचीची भजी, मसाल्याचा वडा आणि लाल तिखटातली डाळवडी झाली. कारागीर खानदेशचे, ओरिसाचे, यूपीचे, सगळे तिखटावर तुटून पडत. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारा कारागीर पंडित रिकामी ताटली घेऊन पुन्हा आला. "बहीन, छातीत जळत नही ओ आज," असं म्हणाला आणि आणखी चार भजी घेऊन गेला. मालतीबाईला दिवसभर बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोटूची पट्टी चांगली चॉकलेटी झाली. त्यानं ती पहिल्या पट्टीशेजारी धरली, डोळे बारीक केले आणि मान हलवली.

"उतार. गयं हाई."

"गयं नही," मालतीबाई म्हणाली. "मिरचीना रंग शे तो. हात लाई दखा. हलकं शे अजून. दोन दिन चाली."

"दोन दिन? कायं पडी गयं ते!"

"कायं पडनं म्हंजे खराब व्हयनं का?"

ती पुढे काही बोलणार तेवढ्यात जयंतीभाई दारात आला. लोटूनं दोन्ही पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या. जयंतीभाईला काळी पट्टी दिसली, त्याला आधीच्या आचाऱ्याची कढई आठवली असणार. "उतार दो, उतार दो," तो घाईनं म्हणाला. "बेन ने कहो, जिद ना करे."

बेन दोन हातांवर उभी होती. तिच्याशी थेट बोलायला त्याला काय झालं होतं कोण जाणे. मालतीबाईनं तोंड मिटलं. नवऱ्याला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. चांगलं बारा किलो तेल तिनं स्वतःच्या हातानं गाळून डब्यात भरलं, हर्षदानं चिठ्ठीवर तारीख लिहून चिकटवली, आणि डबा कोपऱ्यात गेला. परतताना बसमध्ये ती लोटूशेजारी न बसता सुनेशेजारी बसली. आपण तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, असं तिला अमरोलीचा थांबा येईपर्यंत वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी दुसरा डबा फुटला. त्याच दिवशी मिलनं रात्रपाळीतून सुटणाऱ्यांनाही सकाळचा नाश्ता सुरू केला. म्हणजे कढई सकाळी सहाला चढायची ती संध्याकाळी पाचला उतरायची. तिखटाची तक्रार कुणीतरी केली होती, म्हणून जयंतीभाईनं सांगितलं की आता खुसखुशीत फरसी पुरी आणि साधी सेव करा. पुरीचा तेलात रंग सुटत नाही. लोटू रोज संध्याकाळी तेल पॉलिस्टरच्या कापडातून दोनदा गाळायचा. गाळलेलं तेल इतकं स्वच्छ दिसायचं की कढईचा तळ दिसावा. पट्ट्या तारेवर ओळीनं लटकत होत्या, चौथी, पाचवी, सगळ्या फिकट पिवळ्या. उशीर नको म्हणून लोटू मधल्या वेळातही आच कमी करू देत नव्हता.

"मधमा काही तयत नही आपन, मंग गॅस कसाले जायतस?" मालतीबाईनं एकदा विचारलं.

"थंड व्हयनं तर परत तपाले येळ लागी. घंटीले कोन थांबी?"

त्यात तथ्य होतं, म्हणून ती गप्प बसली.

सहाव्या दिवशी सकाळपासून तिचा हात तक्रार करत होता. पुऱ्या बाहेर काढल्या की वजनाला जड लागत. जाळीवर ठेवल्या तर खाली तेलाचं तळं साचे. दुपारच्या घाण्याला बारीक पांढरा फेस उठला आणि कढईच्या कडेला चिकटून बसला, फुटेना. तिनं झारा वर धरला. तेल थेंबानं सुटलं नाही, दोऱ्यासारखं खाली लोंबलं. कढईच्या काठावर पिवळट चिकट थर आला होता, तो नखानं खरवडला तर नखात अडकला. घशाशी काहीतरी धरल्यासारखं होत होतं. हर्षदा दोनदा खोकली.

"हर्षदा, तुले वास येस का?"

"मिलनाच येस आई, दुसरा काय येई," हर्षदा पुऱ्या लाटता लाटता म्हणाली. "माले तर आते फुलनाबी वास रंगसारखा येस."

तेवढ्यात लोटू आला, त्यानं सहावी पट्टी बुडवून उजेडात धरली. अजूनही फिकट होती, जरा तांबूस झाक आली होती एवढंच.

"मस्त शे," तो म्हणाला. "अजून दोन दिन काढी."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजायला आले होते. चारला घंटा, मग चारशे माणसं. नवीन तेल ओतून तापवायचं म्हणजे अर्धा तास जाणार. उशीर झाला तर जयंतीभाई ऐकून घेणार नाही, आणि तीन दिवसांत दुसऱ्यांदा तेल फेकलं म्हणून तर मुळीच नाही. काम जाईल. मालतीबाईला हे सगळं कळत होतं. तिनं पुन्हा एकदा झाऱ्यावरचा थेंब बोटात चोळला. तो निसटला नाही. तिला पंडित आठवला, छातीवर हात ठेवून रांगेत उभा राहणारा. तिनं हात लांब करून गॅसचा खटका बंद केला.

भट्टीचा घोंगाट एकदम थांबला. लोटू वळला.

"गॅस कोनी बंद करा?"

"मी."

"कसाले?"

"तेल गयं."

"तुनं डोकं गयं का? दख, कसं उजय शे! पट्टी दख!"

"दिखाले चांगलं शे. हातले नही. मांगे मी चूप बसनू, चांगलं तेल फेकायनं. आज चूप बसाव नही."

"अवं, चारले घंटी व्हई! लोक बोंबलतीन!"

"बोंबलू द्या. हाई तेल मी त्यास्ना पोटमा घालाव नही." तिचे हात थांबले नाहीत. तिनं फडक्यानं कढईचा एक कान धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. "काम गयं तरी चाली. धरा तो कान. एकलीघाई नही उचलाव माले."

लोटूनं हातातली पट्टी तारेला अडकवली. मग त्यानं दुसरं फडकं घेतलं आणि कढईचा कान धरला. दोघांनी मिळून तेल मोठ्या पातेल्यात ओतलं. त्याच्या पायावर एक शिंतोडा उडाला, तो "आई गं" म्हणाला, तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. हर्षदानं तिसरा डबा फोडून ठेवला होताच. ती पोरगी बोलण्यात उथळ होती, पण कामाला वेळेवर.

नवीन तेल ओतून होतं न होतं तोच जयंतीभाई आत आला. विझलेली भट्टी, पातेल्यात वाफाळतं उजळ तेल आणि घड्याळात पावणेचार पाहून त्याचा चेहराच फिरला.

"आ शुं छे? भट्टी बंध केम? किसने उतारा ये? सोने जैसा तेल!"

मालतीबाई पुढे सरली. पण तिच्याआधी लोटू बोलला.

"मैंने उतारा, साहेब."

"तमे? मास्टर होके? टाइम तो देखो!"

"गलती हुआ तो मेरा. इसको कुछ मत बोलो."

मालतीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून पायावरचा चटका चोळत होता. तिचा राग कुठल्या कुठे गेला. सहा दिवस मास्टर मास्टर ऐकून फुगलेला हा माणूस शिव्या खायची वेळ आली तेव्हा मात्र आडवा उभा राहिला होता. तिला त्याची कणव आली, आणि थोडं हसूही आलं.

घंटा चारला झाली. नाश्ता सव्वाचारला सुरू झाला. पंधरा मिनिटं रांगेतल्यांनी ताटल्या वाजवल्या, एकदोघांनी मराठीत आणि चारपाच जणांनी हिंदीत मालतीबाईचा उद्धार केला. ती पुऱ्या सोडत राहिली. पुऱ्या खुसखुशीत होऊन वर येत होत्या, हलक्या, कोरड्या. गर्दी ओसरली तेव्हा पाच वाजले होते, आणि दारात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण बाई उभी होती. हातात छोटी पेटी.

जयंतीभाईनं ओळख करून दिली, लॅबच्या निशाबेन. निशा उधन्याच्या मराठी वस्तीतली होती. आत आल्या आल्या तिनं मालतीबाईची साडी नेसण्याची पद्धत पाहिली असावी, कारण सरळ मराठीत विचारलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?"

"शिंदखेड्याकडची," मालतीबाई म्हणाली.

निशानं पेटी उघडून मीटर काढलं. हातभर दांडी, टोकाला चपटं पातं, वर आकड्यांची खिडकी. लोटूनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आता पाच मिनिटं काही तळू नका," निशा म्हणाली. "बुडबुडे असले तर आकडा चुकतो."

जयंतीभाईनं पाच मिनिटं घड्याळात मोजली. मग निशानं पातं कढईत घातलं, तळाला लागू न देता हळूहळू फिरवलं. हिरवा दिवा लागला. नऊ.

"नवीनच आहे की हे," ती म्हणाली.

"तो ही तो रोना है!" जयंतीभाई उसळला. "अभी डाला है. और ये देखो, ये उतारा हुआ. बेन, इसको तपासो. फिर मैं इनका हिसाब करता हूँ."

पातेल्यातलं तेल अजून गरम होतं. खाली तळ दिसावा इतकं स्वच्छ. निशानं दांडी पुसली आणि आत घातली. आकडा चढत गेला. अठरा, बावीस, चोवीस. पंचवीसवर तो जरा रेंगाळला, मग सव्वीस झाला आणि सत्तावीसवर थांबला. दिवा लाल झाला.

"हे तळायच्या कढईत असतं तर मी आज तुमचं कँटीन बंद ठेवायला लिहिलं असतं," निशा शांतपणे म्हणाली. "वेळेवर उतरवलंत."

जयंतीभाईनं वाकून आकडा पुन्हा वाचला. निशानं कोपऱ्यातला चिठ्ठी लावलेला डबाही मागितला. थंड तेलात आकडा खरा येत नाही म्हणून थोडं तेल छोट्या कढईत तापवलं. ते अजूनही काळं दिसत होतं. दांडी आत गेली. हिरवा दिवा, सोळा.

"हे मात्र घाईनं काढलं. अजून दोन दिवस चाललं असतं. रंगावर गेलात वाटतं? तिखटाचा रंग उतरतो तेलात, त्यानं तेल बिघडत नाही."

लोटूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

पण जयंतीभाईला सोळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे सत्तावीस होते. त्यानं दोन्ही हातांनी लोटूचा हात धरला. "लोटूभाई! माफ करजो. क्या आंख है आपकी! सोने जैसा दिखता था, फिर भी पकडा! सुनो. शेठ के तीन कँटीन हैं. तीनों का तेल तुम देखोगे. बस, घूमना, बोलना, ये उतारो, ये चालू रखो. फोटोवाला गेटपास, ऊपर लिखेगा, ऑइल मास्टर."

फोटोचा गेटपास. ऑइल मास्टर. लोटूच्या चेहऱ्यावर जे आलं ते मालतीबाईनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याची पाठ आपोआप ताठ झाली. तिनं नजर खाली घेतली. तो हो म्हणाला असता तर ती काही बोलली नसती. घरात आलं असतं तेच काम, कुणाच्या का नावानं. तरी तिनं ओला हात पदराला दोनदा पुसला.

लोटू हसत होता. मग त्याचं लक्ष खिडकीच्या तारेकडे गेलं. त्यानं आपला हात जयंतीभाईच्या हातातून सोडवून घेतला.

"साहेब, मैं तो चालू रखने को बोलता था."

"शुं?"

"मैंने बोला था, दो दिन और चलेगा. गॅस इसने बंद किया. और वो पहला डबा, काला, वो इसने मत फेको बोला था, मैंने फेकाया." तो एका दमात बोलला, मधे थांबलो तर पुढचं निघणार नाही अशा घाईनं. "मेरे को रंग समझता है. तेल इसको समझता है."

हर्षदाच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं होतं. जयंतीभाई सहा दिवसांत पहिल्यांदा मालतीबाईकडे वळला.

"बेन, तुमको कैसे खबर पडी?"

"हात से," ती म्हणाली. मग तेवढं पुरेसं नाही असं वाटून झारा उचलला. "ये देखो साहेब, ये नवा. थेंब थेंब सुटता. वो जुना धागे जैसा लोंबता था. फेस बैठता नव्हता. पुरी जड आती थी." बोलता बोलता तिची हिंदी मराठीत कधी गेली तिलाच कळलं नाही. "रंगाचं काही नाही त्यात."

"बरोबर आहे," निशा म्हणाली. "आम्हाला पुस्तकात हेच शिकवतात. फेस आणि दाटपणा."

जयंतीभाईनं मान डोलावली. मग त्याची नजर मीटरवर गेली, आणि ते विकत मिळतं का असं त्यानं हलक्या आवाजात निशाला विचारलं, "बेन, आ मशीन वेचातुं मळे? कंपनी लई ले तो?"

लोटूला गुजराती चांगली कळत होती. असंच एकदा त्याच्या मालकानंही एका माणसाला विचारलं होतं, त्याच्यासमोर, खिडकीपाशी. त्यानं बायकोचा दंड धरला. "ऐकं का?" तो पुटपुटला. "यंत्र लेतस ते. आते तुलेबी घर बसाडतीन."

मालतीबाईनं त्याचा हात हलकेच बाजूला केला.

"घ्या साहेब," ती मोठ्यानं म्हणाली. "जरूर घ्या. पण ताई, हे दर घाण्याला घालता येतं का?"

"नाही ना," निशा म्हणाली. "तळणं थांबवावं लागतं. पाच मिनिटं."

"चारसौ आदमी खडा है. दर घाण्याला पाच मिनिट थांबवता का साहेब? यंत्र आकडा सांगेल. यंत्र घालायचं कधी, ते कोण सांगणार?"

जयंतीभाई मोठ्यानं हसला, आणि खिशातून फोन काढला. "बेन, इधर देखो. गेटपास के लिए फोटो."

"आत्ता? असं?"

तिच्या केसांत पीठ होतं, कपाळावर घाम, नाकावर काजळी. हर्षदा धावत आली आणि ओच्यानं तिचं तोंड पुसू लागली, त्यानं काजळी गालभर पसरली. फोटो तसाच निघाला. मालतीबाईला तो पुढे कधीच आवडला नाही, पण रोज फाटकावर तोच दाखवावा लागला. वॉचमननं त्यानंतर पिशवी उघडायला सांगितली नाही.

मीटर सोमवारी आलं, खोक्यात, फोममध्ये बसवलेलं. जयंतीभाईनं खोकं कढईशेजारच्या ओट्यावर ठेवलं आणि तो बाहेर गेला. दुपारचा घाणा चालू होता. मालतीबाई झाऱ्यानं भजी उलटत होती. लोटू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कांदे चिरत बसला होता, खोक्याकडे पाठ करून.

"योगराजना बाप," तिनं हाक मारली. "उघडा ते."

"माले काय कयस त्यामा?"

"आकडा वाचता येस ना? माना हात भरेल शेतस. उघडा."

तो उठला. हात धुतले, पुसले, परत धुतले. खोक्यातून मीटर उचलताना त्यानं ते दोन्ही हातांत धरलं. बटण दाबलं तशी खिडकी उजळली. तो वाकून ते शून्य बराच वेळ पाहत राहिला. मग कढईजवळ येऊन बायकोच्या खांद्याशी उभा राहिला, दांडी तेलावर धरून.

"घालू?" त्यानं विचारलं.

मालतीबाईनं झारा वर केला. तेल थेंबाथेंबानं सुटत होतं.

"आते नही," ती म्हणाली. "उभा ऱ्हा. मी सांगसू."

तो उभा राहिला.